इन्व्हर्टरला बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर? सोसायटीत स्टॉल लागलाय, कोणी घेतलाय का?

तलावपाळीची · शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, माहेर नौपाडा, आता घोडबंदर रोडला ओवळ्याच्या जवळ, म्हणजे कागदोपत्री ठाणेच. आमची इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर, म्हणजे लेड ॲसिडवाली बॅटरी साडेतीन वर्षांत बसली. नवीन असताना चार पंखे, दोन ट्यूब, वायफाय असं सगळं चालवून तीन तास आरामात जायचे, आता वीस मिनिटांत इन्व्हर्टर कुईंकुईं करायला लागतो. ह्या मे महिन्यात लाइट कधी दहा सेकंद जाते कधी दोन तास. सासऱ्यांना रात्री पंखा बंद झालेला अजिबात सहन होत नाही आणि मुलगी घरून काम करते, तिचा मीटिंगमध्ये वायफाय गेला की माझ्यावरच राग निघतो.

तर आज क्लबहाउसमध्ये एक स्टॉल होता. भिंतीवर लावायचा पेटीसारखा डबा, "ग्राफिन सुपरकपॅसिटर", साडेतीन युनिट साठवतो, पाच मिनिटांत फुल चार्ज, दहा लाख वेळा चार्ज केला तरी काही होत नाही, पाणी नको, आग लागत नाही, वीस वर्षं बघायला नको. त्याने एक छोटासा तुकडा दहा सेकंद चार्ज करून त्यावर बल्ब पेटवून दाखवला, तो बराच वेळ पेटला हो. किंमत साध्या लिथियमच्या दुपटीहून जास्त सांगतोय पण वीस वर्षांचा हिशोब लावला तर स्वस्त असं त्याचं म्हणणं. खरंच असं असतं का? कपॅसिटर म्हणजे तो पंख्यातला कंडेन्सर ना?

चहाबाज · १०:१९

वीस वर्षं बघायला नको म्हणजे वीस वर्षांनी तो स्टॉलवालापण बघायला नको :)

पामबीच · १०:३१

ताई, हे फसवं वगैरे नाहीये. सुपरकपॅसिटर हे भविष्य आहे. शांघायला २००६ पासून त्यावर बस चालवल्यात, वरती वायर नाही, स्टॉपवर उभी राहिली की छतावरून अर्ध्याएक मिनिटात चार्ज करून पुढे. बॅटरीत रासायनिक प्रक्रिया असते म्हणून ती झिजते, कपॅसिटरमध्ये तशी प्रक्रियाच नाही, मग झिजणार कितीसा? आपल्याकडे लोक नवीन काही आलं की आधी नाक मुरडतात. आपल्या लोकल ब्रेक मारताना वीज परत साठवतात ती पण कपॅसिटरमध्येच.

रबाळे_शिफ्ट · १०:४७

पामबीच साहेब, लोकलबद्दल चुकीचं आहे. ब्रेक मारताना मोटर जनरेटर होते आणि वीज वरच्या ओव्हरहेड वायरला परत जाते, दुसरी गाडी ती वापरते. गाडीत साठवत नाहीत. बसचं खरं आहे पण तुमच्याच वाक्यात उत्तर आहे, दर थोड्या स्टॉपांनंतर चार्ज करावी लागत होती. का? कारण कपॅसिटरमध्ये मावतं फार थोडं. बसचं ठीक आहे, स्टॉप ठरलेले असतात. ताईंच्या घरी लाइट गेली की पुढचा स्टॉप कधी येणार ते कोणालाच माहीत नसतं.

मिठागर_मास्तर · ११:०५

विज्ञान शिकवतो म्हणून राहवत नाही. पुस्तकात "धारित्र" लिहिलंय, पोरांना तो शब्द पाठ होतो आणि वस्तू कळत नाही, म्हणून मी वर्गात लोकलचं उदाहरण देतो.

सकाळची ठाण्याहून सुटलेली फास्ट घ्या. फुटबोर्डवर आणि दारात लटकलेली जी माणसं असतात ती म्हणजे कपॅसिटरमधला चार्ज. दादर आलं की एका सेकंदात सगळी खाली, कोणाला विचारायचं नाही, कोणाला उठवायचं नाही. चढतानाही तसंच. पण दारात माणसं मावणार किती? आता बॅटरी म्हणजे आतमध्ये बसलेली, चौथ्या सीटवर टेकलेली, मधल्या पॅसेजमध्ये उभी असलेली माणसं. ती भरपूर, पण दादरला उतरायचं तर कुर्ल्यापासूनच "पुढे दादर का?" करत सरकायला लागतं. शिवाय आत घुसून परत बाहेर पडेपर्यंत शर्टाची इस्त्री जाते, चपलेचा अंगठा तुटतो. तेच बॅटरीचं झिजणं.

हे नुसतं उदाहरण नाही, आत खरंच असंच होतं. कपॅसिटरमध्ये आयन प्लेटच्या पृष्ठभागाला नुसते चिकटून बसतात, सुपरकपॅसिटरमध्ये तो पृष्ठभाग म्हणजे सच्छिद्र कार्बन म्हणून जागा खूप जास्त, पण शेवटी दारातलीच जागा. लिथियम बॅटरीत आयन पदार्थाच्या थरांच्या आत जाऊन बसतो. लेड ॲसिडमध्ये तर प्लेटचं रसायनच बदलतं, शिसं जाऊन लेड सल्फेट होतं आणि चार्ज करताना परत. म्हणून साठा जास्त आणि म्हणूनच आयुष्य कमी.

चहाबाज · ११:०९

मास्तर, दिवा स्टेशनच्या लोकांना ह्यात काय म्हणायचं? ते तर चढतच नाहीत.

मिठागर_मास्तर · ११:११

ती ओपन सर्किट.

जुना_कंडेन्सर · रविवार, सकाळी ७:४०

सकाळी उठून वाचलं, फारच छान धागा. मी कोपरीला पंचवीस वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवलं, टीव्ही, टेप, मिक्सर, नंतर मायक्रोवेव्ह. आयडीवरून समजलंच असेल.

ताईंनी विचारलं कपॅसिटर म्हणजे पंख्याचा कंडेन्सर का. हो आणि नाही. वस्तू तीच पण पंख्यात तो वीज साठवून ठेवायला नसतो, सिंगल फेजवर मोटर फिरावी म्हणून एका वाइंडिंगच्या करंटला थोडं पुढे ढकलायला असतो. अडीच मायक्रोफॅरड, कुठे ३.१५. फॅरड हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. तो कमजोर झाला की पंखा हळू फिरतो आणि लोक म्हणतात व्होल्टेज कमी आहे. स्टॉलवाल्याचा तो हजारो फॅरडचा. अडीच मायक्रो आणि तीन हजार फॅरड म्हणजे एकाला दुसऱ्याने भागा, शंभर कोटींच्या वर जातं. नाव एक म्हणून मुंगी आणि हत्ती दोघांनाही प्राणी म्हणायचं तसं.

आणि "कपॅसिटर सुरक्षित" हे मला कोणी सांगू नये. एका फोटोवाल्याचा फ्लॅश दुरुस्तीला आला होता, सेल काढलेले, दोन दिवस तसाच टेबलावर पडून होता. मी म्हटलं सेल नाहीत म्हणजे मेलेला आहे. आत तीनशे व्होल्टचा कपॅसिटर भरून बसलेला. बोट लागलं आणि हात असा मागे फेकला गेला की कोपर रॅकवर आपटलं आणि वरून सोल्डरच्या तारेचं रीळ थेट डोक्यात. समोर गिऱ्हाईक बसलेलं, ते म्हणतं "काका, चालू आहे वाटतं". मायक्रोवेव्हमध्ये तर दोन हजार व्होल्टच्या आसपास, तिथे हात गेला तर माणूस हे सांगायला उरणार नाही, घरी उघडू नका. बॅटरी मरताना हळूहळू सांगून मरते, कपॅसिटर मेलाय असं वाटतं आणि तो जिवंत असतो.

पामबीच · ८:२२

काका अनुभव मान्य, पण तो हाय व्होल्टेज कपॅसिटर झाला, सुपरकपॅसिटरचा एक सेल २.७ व्होल्टचा असतो, त्याचा शॉक बसत नाही.

रबाळे_शिफ्ट · ९:०३

शॉक नाही बसत, पण पाना दोन टर्मिनलवर पडला तर वेल्डिंग होतं. आणि बऱ्याच सुपरकपॅसिटरमध्ये आतलं द्रव ॲसिटोनायट्राइलचं असतं, ते ज्वलनशील आहे. आग लागतच नाही असं कुठल्याच साठवणीबद्दल कोणी म्हणत असेल तर तिथून उठावं.

आता मुख्य हिशोब, कालच करणार होतो पण नाइट शिफ्ट होती.

कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग. बाजारात मिळणारा मोठा सेल घ्या, ३००० फॅरड, २.७ व्होल्ट, कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा, वजन अर्धा किलो. गणित केलं तर जवळपास १०,९०० ज्यूल येतात, म्हणजे तीन वॉट-अवर. फक्त तीन. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत किंवा चांगल्या टॉर्चमध्ये जो १८६५० नंबरचा लिथियम सेल असतो त्या पन्नास ग्रॅमच्या सेलमध्ये दहा वॉट-अवर असतात. म्हणजे अर्ध्या किलोचे तीन डबे मिळून एका बोटाएवढ्या सेलची बरोबरी होते.

तो म्हणतो साडेतीन युनिट, म्हणजे ३५०० वॉट-अवर. भागिले तीन. साडेअकराशे सेल लागतील आणि वजन पावणेसहाशे किलो, नुसत्या सेलचं. अगदी उदार होऊन किलोला दहा वॉट-अवर धरले तरी साडेतीनशे किलो. ताई, तो डबा भिंतीवर लावायचा आहे ना? स्टॉलवर तो किती जणांनी उचलून आणला होता?

तलावपाळीची · ९:१५

एकच मुलगा ट्रॉलीवरून आणत होता आणि टेबलावर दोघांनी उचलून ठेवला :(

चहाबाज · ९:१६

साडेतीनशे किलो दोघांनी! त्यांना आधी आमच्या दहीहंडीच्या खालच्या थराला घ्या.

ऐरोली_से_आठ · ९:४८

रबाळेंच्या हिशोबात एक भर. व्होल्टेजवरूनही पकडता येतं. बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतं आणि शेवटी पडतं. कपॅसिटरचं पहिल्या सेकंदापासून उतरायला लागतं, एकसारखा करंट घेतला तर अगदी सरळ रेषेत. अर्धं व्होल्टेज झालं म्हणजे पाऊण ऊर्जा गेली. पॅम्फ्लेटवर आलेख असेल तर बघा, सपाट असेल तर आत बॅटरीच आहे.

रबाळे_शिफ्ट · १०:०२

बरोबर, पण त्यात एक पळवाट आहे. आत डीसी-डीसी कन्व्हर्टर टाकला तर कपॅसिटर उतरत असतानाही बाहेर सपाट दाखवता येतं. वजन मात्र कुठल्याच सर्किटने लपवता येत नाही.

आणि पाच मिनिटांत चार्जचं. ३.५ युनिट पाच मिनिटांत भरायचे म्हणजे ४२ किलोवॉट. सिंगल फेजवर १८० अँपिअर झाले. घराचा मंजूर लोड असतो पाच किलोवॉट वगैरे. आतला सेल कितीही भुकेला असला तरी नळच तेवढा बारीक आहे, एमसीबी आधी उडेल. पूर्ण पाच किलोवॉट फक्त त्यालाच दिले, एसी गीझर सगळं बंद ठेवून, तरी पाऊण तास.

बेलापूरची_सून · ११:३०

थोडं विषयांतर. सासूबाईंनी ते प्लगमध्ये लावायचं वीजबचत यंत्र आणलंय, हिरवा दिवा लागतो, बिल तीस टक्के कमी होतं म्हणे. त्यातही कपॅसिटर असतो असं ऐकलं. बिल काही कमी झालं नाही पण सासूबाई म्हणतात आपणच जास्त वापरतोय.

रबाळे_शिफ्ट · ११:४४

त्यात एक छोटा कपॅसिटर आणि तो हिरवा दिवा, बास. कल्पना कारखान्यातून उचललेली आहे. आमच्याकडे एपीएफसी पॅनेल आहे, मोटरींचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी किती आली ते) सुधारायला कपॅसिटर बँक आपोआप आत-बाहेर होते. हाय टेन्शनवाल्या मोठ्या ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असला की वाढणाऱ्या आकड्यावर, बिल येतं म्हणून तिथे खरंच पैसे वाचतात. घरचं मीटर युनिट मोजतं, केव्हीएएच नाही, त्यामुळे शून्य फायदा. उलट तो हिरवा दिवा चोवीस तास जळतोय त्याचं बिल तुम्हालाच.

बेलापूरची_सून · ११:५०

हे मी सासूबाईंना सांगणार नाही, तुम्हीच या जेवायला आणि सांगा.

मिठागर_मास्तर · दुपारी १२:३५

विषयांतर चालूच आहे तर अजून एक. लोक म्हणतात बॅटरी जुनी आणि कपॅसिटर नवा. उलट आहे. काचेच्या बरणीला आतून बाहेरून धातू लावून वीज साठवायची लायडन जार १७४५-४६ ची, म्हणजे कपॅसिटरच. व्होल्टाने पहिली रासायनिक बॅटरी केली ती १८०० साली. आणि गंमत म्हणजे "बॅटरी" हा शब्द बेंजामिन फ्रँकलिनने वापरला तो अशा बरण्या एकत्र जोडल्या त्याला, तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणायचे त्यावरून. तेव्हा पहिली बॅटरी ही कपॅसिटरची होती.

पामबीच · १२:५१

म्हणजे स्टॉलवाला सतराव्या शतकात जगतोय आणि बरोबर बोलतोय.

मिठागर_मास्तर · १२:५३

अठराव्या. पण हे वाक्य आवडलं.

ऐरोली_से_आठ · दुपारी ३:२०

पामबीचला सगळे धरतायत म्हणून त्याच्या बाजूने एक. कपॅसिटर घरी निरुपयोगी नाही, फक्त काम त्याच्या मापाचं हवं. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय "कधी दहा सेकंद कधी दोन तास". हे दोन वेगळे आजार आहेत हो, औषध एक कसं असेल?

आमच्याकडे सोसायटीचा जनरेटर आहे, लाइट गेली की बारा ते पंधरा सेकंदांत तो घेतो. तेवढ्यात राउटर बंद होतो आणि परत उठायला तीन मिनिटं. म्हणजे बारा सेकंदांसाठी तीन मिनिटांची मीटिंग गेली. मी १०० फॅरड २.७ व्होल्टचे सहा कपॅसिटर सिरीजमध्ये लावले, सगळे मिळून साधारण १६.७ फॅरड. राउटर १२ व्होल्टचा पण माझा ९ पर्यंत चालतो, हे आधी तपासून घ्या, सगळ्यांचा चालेलच असं नाही. दहा वॉट लोडवर चाळीसएक सेकंद मिळतात. दीड वर्षं झालं, एकदाही हात लावलेला नाही. इथे बॅटरी लावली असती तर कायम फुल चार्जवर बसून, राउटरच्या उष्णतेत दोन-तीन वर्षांत फुगली असती.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा मात्र फजिती झाली. रिकामा कपॅसिटर अडॅप्टरला शॉर्ट सर्किटसारखाच दिसतो, तो बिचारा टिकटिक करत बंद-चालू बंद-चालू. बायको म्हणाली चालू होतं ते पण घालवलंस. मग २२ ओहमचा दहा वॉटचा रेझिस्टर घातला चार्जिंगला, आणि त्याला समांतर एक डायोड, म्हणजे भरताना हळूहळू भरतो आणि देताना डायोडमधून धाडकन देतो.

जुना_कंडेन्सर · ४:०५

शाब्बास. सहाही सेलना सारखं व्होल्टेज वाटलं जातंय ना ते मध्येमध्ये मीटर लावून बघत जा. सिरीजमध्ये एकजण जास्त खातो आणि तोच आधी जातो. आमच्या एकत्र कुटुंबात पण असंच होतं.

गाडीतल्या डॅशकॅममध्येही आजकाल सुपरकपॅसिटरच येतो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर लिथियम टिकत नाही, आणि त्याला काम काय, गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल सेव्ह करण्यापुरते काही सेकंद.

पामबीच · ४:३०

ठीक आहे, मी माघार घेत नाही पण दोन पावलं मागे जातो. केरळ सरकारच्या केल्ट्रॉनने कन्नूरला इस्रोच्या मदतीने सुपरकपॅसिटरचं उत्पादन सुरू केलंय ते काय उगाच?

रबाळे_शिफ्ट · ४:४१

उगाच नाही, चांगलीच गोष्ट आहे. अंतराळयान, संरक्षण, गाड्या, जिथे क्षणभर मोठा झटका द्यायचा तिथे तोच हवा. सासऱ्यांचा पंखा रात्रभर चालवणं हा झटका नाही, ती नोकरी आहे.

तलावपाळीची · मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे खूप आभार, अपडेट देते. पॅम्फ्लेटच्या मागे बारीक अक्षरात वजन सापडलं, ५८ किलो. मी फोन करून रबाळेंचा हिशोब वाचून दाखवला. तो म्हणाला मॅडम ग्राफिनमुळे हलकं होतं. मी म्हटलं कितीही हलकं झालं तरी साडेतीनशेचं अठ्ठावन्न? मग म्हणाला टेक्निकलवाले फोन करतील. आज त्यांचा आला, जरा सभ्य माणूस होता, बरंच फिरवल्यावर म्हणाला की आत "हायब्रिड" आहे, आणि अजून विचारल्यावर लिथियम टायटॅनेट सेल म्हणाला. ते काय असतं?

रबाळे_शिफ्ट · १०:१४

आता वजन जुळलं. ५८ किलोत साडेतीन युनिट म्हणजे किलोला साठ वॉट-अवर, टायटॅनेटचं साधारण तेवढंच असतं. ती बॅटरीच आहे, आणि खरं सांगायचं तर वाईट बॅटरी नाही, लवकर चार्ज होते, हजारो सायकल जाते. माल बरा, बारशाला नाव चुकीचं ठेवलंय. पण दुप्पट पैसे देऊन तुमच्या घरी त्याची गरज नाही. लिथियमच घ्यायचं तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बघा, त्याआधी तुमच्या इन्व्हर्टरला लिथियम मोड आहे का ते बघा, जुन्याला बहुतेक नसतो. नसेल तर परत ट्यूब्युलर, सरळ.

पण मला एक कळलं नाही, ट्यूब्युलर साडेतीन वर्षांत का बसली? नीट ठेवली तर पाच तरी जायला हवी. ठेवलीय कुठे? पाणी कधी घातलं होतं?

तलावपाळीची · १०:४०

ठेवलीय बाल्कनीत, पश्चिमेला, दुपारी ऊन येतं. पाण्याचं तुम्ही विचारल्यावर आत्ता जाऊन टॉर्च मारून झाकणं उघडून बघितली. सहाही फ्लोट खाली बसलेले आणि आत प्लेटा उघड्या. ह्यांना विचारलं डिस्टिल्ड वॉटर शेवटचं कधी घातलं, तर म्हणाले तू घालतेस ना? मी तीन वर्षं समजत होते हे घालतात.

चहाबाज · १०:४२

ह्याला म्हणतात समांतर जोडणी. दोघंही लोड दुसऱ्यावर आहे समजतात.

जुना_कंडेन्सर · बुधवार, सकाळी ७:१५

आता पाणी घालून ती परत उठणार नाही ताई, उघड्या पडलेल्या प्लेटांवर सल्फेट बसून कडक झालेलं असतं. जुनी देऊन नवीन घ्या, जुन्या शिशाचे पैसे वळते करून घ्या, भंगारवाल्याला फुकट देऊ नका. नवी सावलीत ठेवा, आणि भिंतीवर कॅलेंडर लावतो तिथे पाण्याची तारीख लिहीत जा. नवऱ्याच्या नावासकट.

तलावपाळीची · शनिवार, संध्याकाळी ६:३०

नवी ट्यूब्युलर आली, आता पॅसेजमध्ये सावलीत आहे. ती बसवायला आलेल्या मुलाने सासऱ्यांच्या खोलीतला पंखा बघितला आणि म्हणाला आजी, ह्याचा कंडेन्सर गेलाय. मला आजी म्हणाला ते सोडून देऊ. अडीच मायक्रोचा नवीन बसवला आणि पंखा असा फिरतोय की आजोबांचा पेपर उडाला. म्हणजे एवढं सगळं होऊन घरात कपॅसिटर आला तो हाच.

ऐरोली, मुलीला ते राउटरचं हवंय. सर्किट टाकाल का इथे?

ऐरोली_से_आठ · ७:०२

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जातोय, सहा कपॅसिटर जास्तीचे आणतो. राउटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो तेवढा व्यनि (खासगी निरोप) करा.

चहाबाज · ७:०४

माझ्यासाठी पण सहा. काय करायचं ते नंतर ठरवू.